आरव्हीसोबत फिरवलेला इलेक्ट्रिक ग्रिल-स्मोकर, दोन सीझननंतर

आरव्हीत, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीत, न्यायला हा ग्रिल घेतला तेव्हा घरात सगळेच विरोधात होते. नवऱ्याचं म्हणणं, गॅसवाला आहे ना, तो काय वाईट आहे. आणि भाऊजी तर पक्के कोळसेवाले, त्यांनी मागून निघालेली वायर बघितली आणि म्हणाले, "वहिनी, याला ग्रिल म्हणायचं तर मग इस्त्रीला पण म्हणा की." दोन सीझन झाले त्याला, आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण या साइजचे सगळेच साधारण एकाच पद्धतीने चालतात आणि मला जे सांगायचंय ते ग्रिलपेक्षा विजेबद्दल जास्त आहे.

आधी तो चालतो कसा ते. आत हीटिंग एलिमेंट आणि पंखा, म्हणजे उष्णता सगळी विजेची. बाजूला एक छोटा डबा असतो, त्यात अर्धी वाटी लाकडाच्या पेलेट्स, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या छोट्या गोळ्या, टाकायच्या, इग्नायटर त्या पेटवतो आणि पंखा तो धूर आत फिरवतो. धुरावर शिजवायच्या मोठ्या पेलेट स्मोकरमध्ये पेलेट्स हेच जळण असतं, इथे त्या फक्त वासापुरत्या. त्यामुळे एक पिशवी संपता संपत नाही, आणि राख म्हणाल तर चमचाभर.

आता वीज. माझा ग्रिल साधारण १७०० वॅटचा आहे, म्हणजे १२० व्होल्टला १४ अँपियर. अमेरिका-कॅनडातल्या आरव्ही पार्कमध्ये ३० अँपियरच्या जोडणीची जागा घेतली की एकूण ३६०० वॅट मिळतात, आणि ऐकायला ते भरपूर वाटतात. पहिल्याच ट्रिपला मी काय केलं, आरव्हीच्या बाहेरच्या अंगाला सॉकेट आहे त्यातच ग्रिल लावला, आत एसी चालू, तो एकटाच १३ अँपियर खातो, वॉटर हीटर इलेक्ट्रिकवर, त्याचे १२, आणि वर हे १४. बेरीज करा. मी केली नव्हती. चिकन निम्मं झालेलं, टक् करून ब्रेकर पडला आणि सगळं गार, आणि आतून नवऱ्याची हाक, कारण तो डोक्याला साबण लावून शॉवरखाली उभा. बरं, लाइट परत आल्यावर ग्रिलला काहीच आठवत नाही, तापमान आणि वेळ पुन्हा सेट करा, पेलेट्स पुन्हा पेटवा. तोवर चिकन ना धड कच्चं ना शिजलेलं, आणि शेवटी पावणेदहाला जेवलो.

उपाय सोपा निघाला. जागेवरच्या विजेच्या खांबावर बऱ्याचदा ३० अँपियरच्या शेजारी २० अँपियरचं साधं सॉकेट असतं, त्याचा ब्रेकर वेगळा. ग्रिल थेट तिथे लावायचा, मग आत एसी चालो नाहीतर मायक्रोवेव्ह, आपल्याला काय. फक्त खांब लांब असला तर एक्स्टेंशन लागते, आणि तिथे कंजूषपणा करू नका. आधी मॅन्युअल बघा, काही कंपन्या एक्स्टेंशन वापरूच नका म्हणतात. वापरणार असाल तर १२ गेजची, बाहेर वापरायची जाड वायर, आणि लागेल तेवढीच लांब. मी सुरुवातीला घरातली बारीक वायर जोडली होती, अर्ध्या तासाने सहज हात लागला तर चांगली गरम झालेली, घाबरून लगेच काढली. शिवाय बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, आणि व्होल्टेज १० टक्के पडलं की एलिमेंटची ताकद जवळजवळ १९ टक्के कमी होते. भर उन्हाच्या दुपारी पार्क फुल्ल असेल, सगळ्यांचे एसी चालू असतील, तेव्हाही हेच होतं, ग्रिल तापायलाच तयार नसतो आणि आपण बसतो त्याला शिव्या देत.

हुकअप, म्हणजे विजेची जोडणी, नसलेल्या जागी नेणार असाल तर सरळ सांगते, नका नेऊ. २००० वॅटचा म्हणून मिळणारा छोटा जनरेटर सलग १६०० च्या आसपासच देतो. १०० अँपियर-तासाच्या १२ व्होल्ट लिथियम बॅटरीत साधारण १२८० वॅट-तास असतात, इन्व्हर्टरमधलं नुकसान धरलं तर फुल ग्रिलवर पाऊण तासाच्या आत ती झोपली. अशा वेळी आमचा जुना गॅसवालाच बरा, आणि हो, हे मी नवऱ्यासमोर कबूल केलंय.

स्मोकिंगवर मात्र मी खूश आहे. धुराची चव खरी लागते पण हलकी, रात्रभर लाकडाच्या धुरात ठेवल्यासारखी गडद नाही. मांसावर काठाला जी गुलाबी कड येते ती शोधत बसू नका, ती लाकूड-कोळशाच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला, म्हणजे त्याला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला, लागून येते, आणि इथे जळणारं लाकूड मूठभर. भाऊजींनी पहिला तुकडा कापला आणि खायच्या आधी कडच बघितली, नाही दिसली म्हणून नाक मुरडलं, मग तीन तुकडे खाल्ले. एक युक्ती म्हणजे मांस फ्रिजमधून काढून थंडच ग्रिलवर ठेवायचं, थंड ओलसर पृष्ठभागावर धूर जास्त धरतो. एकदा डबा भरला की अर्धा-पाऊण तास धूर येतो, मोठा तुकडा असेल तर मी अजून एकदा भरते, त्यापुढे कडवट लागायला लागतं.

पोर्कचा मोठा तुकडा लावलात तर सकाळीच लावा. १६० फॅरनहाइटच्या आसपास मांसात खुपसलेल्या थर्मामीटरचा काटा अडकतो तो तास-दोन तास हलतच नाही, मला वाटलं ग्रिल बिघडला. तसं नसतं, मांसातून पाणी उडत असतं आणि तेच त्याला गार ठेवतं, घामासारखं. फॉइलमध्ये गुंडाळलं की पुढे सरकतं. चिकनला मात्र आतून १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस, झाल्याशिवाय काढू नका, आणि नुसतं रंगावर जाऊ नका, धुराने रंग फसवतो. साधं ग्रिलिंग, कणसं, मासे वगैरे, उत्तम. वारा असला आणि झाकण सारखं उघडलं की तापमान परत चढायला वेळ लागतो, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

तक्रारी दुसऱ्याच आहेत. वजन १३-१४ किलो, एकटीने उचलायचं म्हणजे कंबर सांभाळून. आरव्हीच्या खालच्या कप्प्यात तो उभा मावत नाही, झाकणाची उंची मी मोजलीच नव्हती. मग तिरका ठेवला आणि तेलाचा ट्रे रिकामा करायची विसरले, पुढच्या मुक्कामी दोन फोल्डिंग खुर्च्या आणि पाण्याचा पाइप चरबीने माखलेले. पेलेट्सची पिशवी उघडी राहिली तर दमट हवेत त्या फुगून भुसा होतात, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. जाळीला नॉनस्टिक कोटिंग आहे, तारेचा ब्रश लावला की गेलं. आणि विजेचा आहे म्हणून पावसात कोणी आत घेईल तर अजिबात नाही, पेलेट्स जळतात म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आलाच. ऑनिंगखाली, म्हणजे आरव्हीच्या बाहेरच्या कापडी छपराखालीही नको. अस्वलांचा भाग असेल तर रात्री पुसून आत बंद करून ठेवायचा, बाहेर ठेवला तर तो वास म्हणजे आमंत्रणच.

मागच्या ट्रिपला गेटवरच बोर्ड होता, आग लावायला बंदी, कोळसा आणि लाकूड दोन्ही बंद. मी ऑफिसात जाऊन विचारलं, ते म्हणाले इलेक्ट्रिक चालेल पण पेलेट्स नाही. प्रत्येक ठिकाणी नियम वेगळा असतो, विचारूनच लावा. तर मी धुराशिवाय नुसतं ग्रिल करत बसले होते, भाऊजींचा कोळशाचा ग्रिल गाडीतच पडलेला, आणि थोड्या वेळाने ते रिकामी प्लेट घेऊन आले, "वहिनी, इस्त्री तापली का?"