दारू पिऊन गाडी चालवताना कोच पकडला गेला: ठेवायचा की काढायचा?

कोच ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये सापडला की क्लबच्या कमिटीत आणि पालकांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, माणूस कसा आहे ते कळलं, काढून टाका. दुसरा म्हणतो, पोरांसाठी इतकी वर्षं राबलाय, एका रात्रीपायी त्याच्या पोटावर पाय कशाला? दोघेही त्या एका रात्रीवरूनच माणूस तोलत असतात. खरी माहिती त्या रात्रीच्या आधीच्या वर्षांत आणि नंतरच्या सहा महिन्यांत असते. अमेरिकेत अशी बरीच प्रकरणं उघड्यावर घडली, पोलिसांचे अहवाल बाहेर आले आणि पुढे काय झालं तेही सगळ्यांना दिसलं. निर्णय घ्यायला बसलेल्या माणसाने त्यातली तीन शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

पिंकेल, हगिन्स, ला रुसा

गॅरी पिंकेल हे मिसूरी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य कोच. १६ नोव्हेंबर २०११ ला ते कोलंबिया शहरात पकडले गेले. पुढचा सामना तीन दिवसांवर होता. विद्यापीठ कोर्टाच्या निकालासाठी थांबलं नाही. आठवड्याचं बिनपगारी निलंबन, शनिवारच्या सामन्याला मनाई, वर्षभर पगारवाढ बंद, हंगामाच्या शेवटच्या बोल सामन्याचा बोनस रद्द, ५० तास समाजसेवा. सगळं मिळून त्यांना तीन लाख डॉलरच्या वर फटका बसला. पिंकेल यांनी गुन्हा कबूल केला. ते २०१५ पर्यंत त्याच जागेवर राहिले, २०१३ आणि २०१४ ला संघाने आपला विभाग जिंकला आणि शेवटी कर्करोगामुळे ते निवृत्त झाले. उरलेल्या हंगामांत असं दुसरं प्रकरण पुढे आलं नाही.

बॉब हगिन्स हे कॉलेज बास्केटबॉलमधलं मोठं नाव. जून २००४ मध्ये सिनसिनाटीचे कोच असताना पहिली अटक. विद्यापीठाने निलंबित केलं, पण पगार चालू ठेवून, आणि ऑगस्टमध्ये परत घेतलं. वर्षभराने विद्यापीठाच्या अध्यक्षांनी त्यांना जायला लावलं. पुढे वेस्ट व्हर्जिनियात ते गाजले आणि २०२२ ला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेले. मे २०२३ मध्ये रेडिओवर समलिंगी लोकांबद्दल शिवीवजा शब्द वापरल्याबद्दल दहा लाख डॉलरची पगारकपात आणि तीन सामन्यांचं निलंबन झालं. त्यानंतर सहा आठवडेही झाले नव्हते, तोच १६ जूनला पिट्सबर्गमध्ये फाटलेल्या टायरची त्यांची एसयूव्ही रस्ता अडवून उभी असलेली पोलिसांना सापडली. श्वासचाचणीचा आकडा ०.२१, मर्यादा ०.०८. दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा जाहीर झाला. आपण राजीनामा दिलाच नव्हता, असा वाद त्यांच्या बाजूने नंतर घातला गेला.

टोनी ला रुसा हे बेसबॉलचे मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच. मार्च २००७ मध्ये फ्लोरिडातल्या ज्युपिटर गावात सिग्नलला गाडीतच झोपलेले आढळले. आकडा ०.०९३, गुन्हा कबूल. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांत त्यांच्याच कार्डिनल्स संघाचा पिचर जॉश हॅनकॉक दारूच्या नशेत गाडी चालवताना सेंट लुईसमध्ये अपघातात मेला. असं होऊनही फेब्रुवारी २०२० मध्ये फिनिक्समध्ये ला रुसा पुन्हा पकडले गेले, कारण गाडी फुटपाथच्या कडेवर आदळली होती. पोलिस अहवालाप्रमाणे त्यांनी आपण हॉल ऑफ फेममधले असल्याचं सांगितलं आणि बोटातल्या अंगठीकडे लक्ष वेधलं. त्या ऑक्टोबरमध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने त्यांना नेमलं. अटकेची संघाला कल्पना होती. आरोप दाखल झाला तो नेमणुकीच्या आदल्याच दिवशी.

या तिघांत आमचं मत ला रुसांबद्दल सर्वांत कडक आहे, आकडा हगिन्सचा दुपटीहून जास्त असला तरी. पहिली अटक, मग स्वतःच्या खेळाडूचा त्याच कारणाने मृत्यू, एवढं झाल्यावरही जो माणूस टॅक्सी बोलवत नाही, त्याला धोका कळला नव्हता असं म्हणायला जागा उरत नाही. अंगठी दाखवणं हे आपल्याकडच्या ‘मी कोण आहे माहीत आहे का’चंच रूप आहे. तुमच्या कोचने त्या रात्री नगरसेवकाला फोन लावला का, हवालदाराला दमात घेतलं का, की मुकाट्याने नळी फुंकली, याची चौकशी जरूर करा. क्रीडांगणावर पंचाशी तो कसा वागतो त्याच्याशी हे बहुतेक वेळा जुळतं.

हगिन्सचं प्रकरण वेगळं वाचावं लागतं. ०.२१ ला सवय नसलेला माणूस धड उभा राहू शकत नाही. त्या अवस्थेत जो गाडीपर्यंत जातो आणि चालवतो, त्याच्या शरीराला दारूची चांगलीच सवय झालेली असते. नोकरी आधीच धाग्यावर लटकत असताना हे घडलं. इथे आधी प्रश्न आजाराचा येतो, स्वभावाचा नंतर. पण आजार आहे म्हणून उद्या सकाळी मुलं त्याच्या हवाली करता येत नाहीत. २००४ ला पगार चालू ठेवून दिलेलं निलंबन ही तोंडदेखली शिक्षा होती, तिने काहीच साधलं नाही. पिंकेलना झालेली शिक्षा खिशाला लागली, लगेच लागली आणि सगळ्यांसमोर लागली.

आकडा कसा वाचायचा

अमेरिकेत बहुतेक राज्यांत मर्यादा ०.०८ आहे, म्हणजे १०० मिलि रक्तात ८० मिलिग्रॅम. युटा राज्यात ०.०५. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे ३० मिलिग्रॅम. त्यामुळे ‘कोच मर्यादेच्या वर सापडला’ या वाक्याचा अर्थ दोन्हीकडे सारखा नाही. साधारण ७० किलोचा माणूस उपाशीपोटी एक लार्ज, म्हणजे ६० मिलि व्हिस्की प्यायला तरी ३० च्या वर जाऊ शकतो. ४० आकडा असलेला कोच आणि २१० आकडा असलेला कोच यांना एकाच मापाने मोजणं अन्याय आहे. गुन्हा दोघांचाही आहेच. म्हणून फक्त ‘पॉझिटिव्ह आला’ यावर थांबू नका, चाचणीची पावती मागा. त्यावर आकडा आणि वेळ दोन्ही असतात.

वेळ महत्त्वाची, कारण शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगाने दारू उतरवतं. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. रात्री १२ ला १५० असलेला माणूस सकाळी सहाच्या प्रॅक्टिसला ६० वर असतो, भारतातल्या मर्यादेच्या दुप्पट. २१० वाल्याला ३० च्या खाली यायला बारा तास लागतात. म्हणून रात्री दोनला पकडला गेलेला कोच सकाळी सहाला मैदानावर हजर होता, ही त्याच्या निष्ठेची खूण धरू नका. तो त्या वेळीही नशेत असण्याची शक्यता मोठी आहे आणि तसाच गाडी चालवत आला असेल तर ते दुसरं ड्रंक अँड ड्राइव्ह. नकळत घडणाऱ्या या प्रकाराबद्दल कोचला थेट विचारा: आदल्या रात्री पिऊन सकाळच्या सत्राला गाडीने येणं किती वेळा होतं?

कोर्टाच्या कागदावर किती भर द्यायचा

आपण समजतो त्यापेक्षा कमी. २०२० च्या प्रकरणात ला रुसांनी शेवटी ‘बेदरकार ड्रायव्हिंग’ कबूल केलं आणि एक दिवसाची घरातली स्थानबद्धता, दंड आणि २० तास समाजसेवा यावर सुटले. जिम हार्बो २००५ मध्ये सॅन डिएगो विद्यापीठाचे कोच असताना पकडले गेले, तेही बेदरकार ड्रायव्हिंगवरच मिटलं. सरकारी वकील तडजोड करतो तेव्हा खटल्याचं नाव बदलतं, प्यालेली दारू बदलत नाही. उलट अटक झाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असंही नाही. भारतात कलम २०२ प्रमाणे अटक केलेल्याची दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. तपासणी उशिरा झाली म्हणून कोच खटल्यातून सुटला, तर तो कायद्याने मोकळा आहे. क्लबला मात्र प्रश्न विचारायचा अधिकार राहतो.

कलम १८५ ची शिक्षा पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दंड भरून सुटणारे पुष्कळ, आणि ‘मिटलं’ असं सांगणारेही पुष्कळ. आदेशाची प्रत मागा आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावाने शोध घ्या. नावं सारखी असतात, तेव्हा पत्ता जुळवल्याशिवाय कुणावर ठपका ठेवू नका. अमेरिकेत ज्यांची मुलं लीगमध्ये खेळतात त्या मराठी पालकांना हे सोपं आहे, कारण काउंटी कोर्टाच्या नोंदी बहुतेक ठिकाणी ऑनलाइन पाहता येतात.

हार्बोंच्या प्रकरणातून आणखी एक गोष्ट दिसते. पुढे त्यांच्या कॉलेज कोचिंगवर चार वर्षांचा निर्बंध आला तो खेळाडू भरतीचे नियम मोडल्याबद्दल, दारूशी त्याचा संबंध नव्हता. अटकेने माणसाचा एकच कप्पा उघडतो. हिशोब, निवड, मुलींशी वागणूक यांची चौकशी स्वतंत्रपणे व्हायला हवी, आणि कोच दारू पितो एवढ्यावरून त्या बाबतीत संशय पसरवू नये.

कुणाला लागलं की नाही

४ फेब्रुवारी २०२१ ला कॅन्सस सिटी चीफ्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे सहायक कोच ब्रिट रीड यांनी संघाच्या मैदानाजवळच्या हायवेच्या रॅम्पवर थांबलेल्या गाड्यांना भरधाव धडक दिली. पाच वर्षांच्या मुलीच्या मेंदूला गंभीर दुखापत झाली. नंतर घेतलेल्या रक्तात आकडा ०.११३ आला. नशेत गाडी चालवल्याची शिक्षा त्यांना आधीही झालेली होती. आता तीन वर्षांची कैद झाली आणि मार्च २०२४ मध्ये राज्यपालांनी ती नजरकैदेत बदलली.

०.११३ आणि ला रुसांचा २०२० मधला ०.०९५ यांत फार अंतर नाही. एकाच्या पुढ्यात थांबलेली गाडी आली, दुसऱ्याच्या पुढ्यात फुटपाथची कडा. म्हणून ‘कुणाला काही झालं नाही ना’ या वाक्याने कोचला पाठीशी घालू नका, त्यात कोचचं काही कर्तृत्व नाही. वेग किती होता आणि गाडीत कोण होतं, हे मात्र त्याच्या हातात असतं. गाडीत खेळाडू असेल तर आमच्या मते चर्चाच संपली. काढा.

आजारी माणूस आणि निर्ढावलेला माणूस

एडी सटन ओक्लाहोमा स्टेटचे बास्केटबॉल कोच. १९८७ मध्ये त्यांनी व्यसनमुक्तीचे उपचार घेतले होते. १० फेब्रुवारी २००६ ला संघाच्या विमानाकडे निघालेले असताना त्यांची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळली, आकडा ०.२२. पाठदुखीच्या गोळ्याही चालू होत्या. ते रजेवर गेले आणि त्या हंगामानंतर पदावर परतले नाहीत. वर्षानुवर्षं दारूपासून लांब राहिलेला माणूसही घसरतो, हे समोर ठेवलं की ‘आता सोडली’ या शब्दाला किती वजन द्यायचं ते कळतं. काही आठवड्यांच्या शुद्धीवर मुलांची जबाबदारी परत देऊ नका. उपचार घेणाऱ्याला मात्र दार बंदही करू नका.

फरक ओळखायला जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी डॉक्टरकडून करून घ्या. गुण ० ते ४०. आठपासून पुढे पिणं घातक समजतात, वीसपासून पुढे व्यसनाची दाट शक्यता. कमिटीने स्वतः प्रश्न विचारू नयेत, उत्तरं खोटी मिळतात. व्यसन निघालं तर पुण्यातल्या मुक्तांगणसारखं केंद्र किंवा एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस) च्या बैठका हा मार्ग आहे. व्यसन नाही, आणि तरीही दुसऱ्यांदा सापडला, तर त्याला औषध नाही. तो माणूस जाणूनबुजून धोका पत्करतोय.

निर्णय

पहिली वेळ, आकडा मध्यम, गाडीत एकटा, पोलिसांशी नीट वागला आणि बातमी फुटायच्या आत स्वतः अध्यक्षांना कळवलं: ठेवा, पण पिंकेलसारखी शिक्षा देऊन. यातलं शेवटचं कलम आम्ही सर्वांत जड मानतो. ज्याने स्वतः सांगितलं नाही आणि नंतर सारवासारव केली, त्याला मुलांच्या दुखापतीही लपवायची सवय लागू शकते.

ठेवायचं ठरलं तर लेखी करारात एवढं हवंच: वर्षभर संघाचं कुठलंही वाहन चालवायचं नाही, दौऱ्यावर दुसरा मोठा माणूस सोबत, दौऱ्यात दारूचा थेंबही नाही, नवी कुठलीही अटक २४ तासांत कळवायची, डॉक्टरांचा अहवाल तीन महिन्यांनी. खेळाडूंसाठी दारूबद्दल जो नियम आहे त्यापेक्षा हलकी शिक्षा कोचला झाली, तर तो नियम त्या दिवसापासून कुणी पाळणार नाही. मुलांना हे कमिटीच्या माणसाने दोन वाक्यांत सांगावं, पहिल्या सत्राआधी. कोचला माइक देऊन रडकं भाषण करायला लावू नका. त्याने मुलांवर त्याला माफ करायचं ओझं पडतं. खेळाडूंची सह्यांची मोहीम तर मुळीच नको, तेरा वर्षांचं पोर संघातली जागा जाईल या भीतीने सही करतं.

काढायचं ठरलं तर हंगाम संपायची वाट पाहू नका. मधल्या सामन्यांना सहायक कोच पुरतो. बाकी पगार वेळेवर द्या, चारचौघांत अपमान करू नका. आणि तो दुसऱ्या क्लबकडे गेला, तिथून तुम्हाला फोन आला, तर ‘वैयक्तिक कारणाने सोडलं’ असं सांगून मोकळे होऊ नका. शिफारसपत्र देणार असाल तर त्यात कोचिंगचं जे खरं कौतुक आहे ते लिहा, आणि प्रवासात मुलांना त्याच्या गाडीत बसवू नये हेही त्याच पानावर लिहा.