जेन एअर बघायचाय: १९४३ चा की २०११ चा?

शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ कादंबरी वाचून झालीये, आता एका बैठकीत संपेल असा एकच सिनेमा बघायचाय, अशांसाठी हे लिहितोय. टीव्ही मालिका बाजूला ठेवल्यात, त्यांच्याकडे वेळ भरपूर असतो त्यामुळे ती तुलनाच वेगळी. सिनेमे बाकीचेही आहेत पण माझ्या मते निवड शेवटी या दोघांतच होते.

जुन्याचं आधी मनापासून कौतुक. रॉचेस्टर झालेला, म्हणजे जेन ज्याच्याकडे गव्हर्नेस असते तो मालक, ऑर्सन वेल्स धुक्यातून घोडा फेकत येतो तो सीन आणि मागे बर्नार्ड हर्मनचं संगीत, हे आजही अंगावर येतं. सगळं स्टुडिओत उभं केलंय पण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ते जाणवत नाही, उलट थॉर्नफील्ड, रॉचेस्टरचा वाडा, जास्त भयाण वाटतं. जेन लहानपणी शिकते त्या लोवूड शाळेचा भाग तर मला जुन्यातलाच आवडतो. छोटी एलिझाबेथ टेलर जेनची मैत्रीण हेलन बर्न्स झालीये, आणि तिला नि जेनला दोघींना शिक्षा म्हणून भर पावसात फिरवतात ते बघवत नाही.

पण मला त्यात एक गोष्ट खटकली आणि ती काही केल्या डोक्यातून जाईना. थॉर्नफील्डमधून पळालेल्या जेनला कादंबरीत जे आसरा देतं ते रिव्हर्स कुटुंबच त्यांनी उडवलंय! जेन थॉर्नफील्ड सोडते आणि थेट मामीकडे, मिसेस रीडकडे जाते, जी भेट कादंबरीत लग्न ठरायच्या आधीच होऊन गेलेली असते. सेंट जॉन रिव्हर्स नावाचा पाद्री नाहीच, रिव्हर्स नावाचा एक डॉक्टर तेवढा दिसतो. आता कुणी म्हणेल बरंच झालं, तो भाग वाचतानाही रटाळ वाटतो. मान्य, थोडा वाटतो. पण विचार करा, सेंट जॉन तिला म्हणतो लग्न कर आणि माझ्याबरोबर मिशनरी म्हणून हिंदुस्थानात चल, त्यासाठी तिला हिंदुस्तानी भाषासुद्धा शिकायला लावतो, आणि ती सांगते येईन पण बहीण म्हणून, बायको म्हणून नाही. रॉचेस्टरने प्रेमाच्या नावाखाली मागितलं त्याला नाही म्हणाली, सेंट जॉनने धर्माच्या नावाखाली मागितलं त्यालाही नाही म्हणाली, आणि हातात काकाचे पैसे आल्यावर स्वतःच्या मर्जीने परत गेली. ही दुसरी नकाराची पायरीच काढली तर तिचं परत जाणं म्हणजे रॉचेस्टरची हाक आली आणि धावली एवढंच उरतं. त्यात जेन झालेली जोन फाँटेन इतकी सोशिक आणि वेल्स इतका दणदणीत, की सिनेमा जेनचा न राहता रॉचेस्टरचा होतो. अजून एक म्हणजे सुरुवातीला पुस्तक उघडून त्यातलं पान दाखवतात, ते शार्लट ब्राँटेचं नाहीच, सिनेमावाल्यांनी लिहिलेलं आहे. मूळ कादंबरी किती साधी सुरू होते, त्या दिवशी फिरायला जाणं शक्य नव्हतं, बस.

२०११ च्या सिनेमात पटकथाकार मोइरा बफिनीने नेमकी हीच अडचण सोडवलीये. सिनेमा सुरूच होतो जेन थॉर्नफील्डमधून पळते तिथून. माळरान, पाऊस, आणि ती रिव्हर्सच्या दारात कोसळते. बाकी सगळं फ्लॅशबॅकमध्ये, त्यामुळे सेंट जॉन शेवटी चिकटवल्यासारखा वाटत नाही, तो पहिल्यापासून आहेच. एक सीन बघाच. बर्फ पडतंय, जेन शाळेच्या खोलीत एकटी, दार वाजतं, उघडते तर रॉचेस्टर, ती त्याच्या मिठीत जाते, आणि पुढच्या क्षणी कळतं की दारात सेंट जॉन उभा आहे, वारशाची बातमी घेऊन. तिच्या मनात काय चाललंय हे एका संवादाशिवाय कळतं. जेन झालेली मिया वासिकोव्स्का तेव्हा विशीतली होती, त्यामुळे अठरा वर्षांची गव्हर्नेस पटते, आवाज न चढवता ती रॉचेस्टर झालेल्या मायकल फासबेंडरला पुरून उरते.

उणिवा आहेत. फासबेंडर जरा जास्तच देखणा आहे, कादंबरीत तर मी देखणा आहे का विचारल्यावर जेन तोंडावर नाही म्हणते. बर्था मेसन, रॉचेस्टरने माळ्यावर कोंडून ठेवलेली वेडी बायको, अगदी थोडी दिसते, माळ्यावरच्या हसण्याची भीती हवी तेवढी बसत नाही. रिव्हर्स भावंडं तिची सख्खी आत्ते-मामे भावंडं निघतात तेही गाळलंय. शेवटही झटकन येतो. आणि कादंबरी न वाचलेल्या माणसाबरोबर बघत असाल तर पहिली दहा-पंधरा मिनिटं हे कोण, ते कोण सांगत बसावं लागेल.

आवडीचा प्रश्न आहे, जुन्या सिनेमाची गोडी असेल, मुख्यतः वेल्ससाठी बघणार असाल तर १९४३ चा लावा, वाया जाणार नाही, शिवाय दीड तासाच्या थोडं वर, संपतोही लवकर. पण कादंबरी जेनसाठी आवडली असेल तर मी २०११ चाच सांगेन. फक्त फोनवर नका बघू, रात्रीचे बरेच सीन मेणबत्ती आणि शेकोटीच्या उजेडातले आहेत, छोट्या स्क्रीनवर नुसता काळोख दिसतो. टीव्हीवर लावा, खोलीतले दिवे बंद करून.