सेफाडेक्स जी-७५: काही महिने वापरल्यानंतर

पपईच्या चिकातली प्रथिनं आकारानुसार वेगळी करायला आमच्या लॅबमध्ये हे सच्छिद्र मण्यांचं जेल गेले कित्येक महिने वापरात आहे. माल उत्तम आहे, पण घाई असेल त्याने या वाटेला जाऊ नये.

येते कोरडी पूड. एका ग्रॅमची फुगून १२ ते १५ मिली जेल होते. खोलीच्या तापमानाला त्याला २४ तास लागतात, उकळत्या वॉटर बाथवर ३. मी बाथच वापरतो, कारण त्यात जेलमधली हवाही निघून जाते. मॅग्नेटिक स्टिरर मात्र लावू नका. मणी फुटतात, चुरा होतो आणि कॉलम (जेल भरायची उभी नळी) तुंबतो. भिजलेल्या साबुदाण्याला लावतो तसा हलका हात हवा.

कॉलम भरला की आधी ब्लू डेक्स्ट्रान (प्रचंड रेणूंचा निळा पदार्थ) सोडा. त्याचे सुमारे २० लाख डाल्टनचे रेणू मण्यांच्या छिद्रांत शिरतच नाहीत, सगळ्यांआधी बाहेर पडतात. निळा पट्टा तिरका उतरला तर कंटाळा न करता कॉलम उपसा आणि पुन्हा भरा.

खरी मेख वेगात आहे. प्रथिन छिद्रात शिरतं आणि बाहेर येतं ते निव्वळ विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याने. पाण्यात अल्ब्युमिनचा विसरण गुणांक साधारण ६×१०⁻¹¹ मी²/से, म्हणजे मिठाच्या जेमतेम पंचविसावा भाग. छिद्रात तो आणखी घटतो. प्रवाह वाढवला की काही रेणू आतच राहतात, बाकीचे पुढे निघून जातात आणि बाहेर पडणाऱ्या प्रथिनाच्या आलेखातली शिखरं पसरट होतात. पंप लावून जोर केला तर मऊ मणी चेपतात आणि प्रवाह उलट मंदावतो. त्यामुळे आम्ही बाटली उंचावर ठेवून गुरुत्वाकर्षणावरच काम भागवतो. बफरमध्ये (कॉलममधून सोडायच्या, आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ०.१५ मोलर मीठ असू द्या, नाहीतर चिकातल्या पपेनसारखी धनभारित प्रथिनं मण्यांना चिकटून रेंगाळतात. नमुना जेलच्या आकारमानाच्या ४ टक्क्यांच्या आत ठेवा.

पपेन आणि चिकातलंच दुसरं प्रथिन कायमोपपेन वेगळं करायची आशा मात्र धरू नका. दोघांचे आकार इतके जवळ आहेत की ती एकाच शिखरात येतात. त्याला विद्युतभारानुसार वेगळं करणारं आयन-एक्स्चेंजच हवं. प्रथिनं साकळवायला घातलेलं अमोनियम सल्फेट नुसतं काढायचं असेल तर याच जातीचं, बारीक छिद्रांचं जी-२५ पुरतं, त्यासाठी जी-७५ खर्ची घालणं म्हणजे उधळपट्टी.

जेल ठेवताना जंतू वाढू नयेत म्हणून ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालतो. त्यात आम्ल जाऊ देऊ नका, विषारी वायू सुटतो. पुढच्या वेळी ‘सुपरफाइन’ प्रत मागवणार आहे. मणी बारीक असल्याने विसरणाचं अंतर घटतं आणि शिखरं अधिक टोकदार येतात. वेळ अजून जास्त लागेल, तो लागू दे.