सहकुटुंब सेवेसाठी कोणता गट निवडावा? गोव्यातील कॅथलिक प्रापंचिकांच्या गटांचा तुलनात्मक आढावा

नोकरीनिमित्त गोव्यात येऊन स्थिरावलेली मराठी भाषक कॅथलिक कुटुंबे, विशेषतः वसईकडून आणि सिंधुदुर्गातून आलेली, मला एक प्रश्न वारंवार विचारतात. रविवारच्या मिस्सापलीकडे (चर्चमधल्या सामूहिक उपासनेपलीकडे) धर्मग्रामासाठी, म्हणजे आपल्या चर्चच्या परिसरातल्या भाविकांच्या समुदायासाठी (पॅरिश), काही करायचे असेल, आणि तेही नवरा-बायको-मुलांनी मिळून करायचे असेल, तर कोणत्या गटात जावे? आमच्या घराने हा निर्णय पहिल्यांदा घेतला तेव्हा घाईच केली होती. आधीच्या धर्मग्रामात मी एका प्रार्थनागटात गेले, यजमान एका सेवागटात, मुलगी गायनवृंदात आणि मुलगा वेदीसेवकांत गेला, आणि चौघांच्या बैठका आठवड्याच्या चार वेगवेगळ्या संध्याकाळी येऊ लागल्या. काम सगळेच मनापासून करत होते. परंतु चौघांनी मिळून एकही काम केलेले नाही, हे वर्ष सरल्यावर ध्यानात आले. म्हणून पहिली कसोटी मी अशी सांगते की, तो गट सभासद म्हणून कोणाला धरतो हे आधी पाहावे: एकट्या माणसाला, जोडप्याला, की अख्ख्या घराला?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या (धर्मगुरू वा संन्यस्त नसलेल्या भाविकांच्या) प्रेषितकार्याविषयी जे आदेशपत्र प्रसिद्ध केले, त्याच्या ११व्या परिच्छेदात कुटुंबाने करण्याजोगी कामे नावानिशी दिली आहेत. टाकून दिलेल्या बालकांना आपले म्हणणे, परक्यांचे आतिथ्य, शाळांना मदत, तरुणांना सल्ला, लग्न ठरलेल्या जोडप्यांची तयारी, धर्मशिक्षण, अडचणीतल्या कुटुंबांना आधार आणि वृद्धांची काळजी ही त्यांतली प्रमुख कामे होत. गोव्यात अनेक घरांतली कर्ती माणसे आखातात, जहाजावर किंवा युरोपात असतात आणि मोठ्या घरात एखाददुसरे म्हातारे माणूस मागे उरते. त्यामुळे येथे वृद्धांची काळजी हेच काम सर्वांत आधी दारात येऊन उभे राहते.

हे काम नेमके ज्यांच्या हातात आहे, त्या सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीची स्थापना १८३३ साली पॅरिसमध्ये झाली. तेव्हा तिच्या संस्थापकांपैकी फ्रेडरिक ओझानाम वीस वर्षांचे विद्यार्थी होते आणि गरिबांच्या घरात कसे जावे हे त्यांना व त्यांच्या मित्रांना सिस्टर रोझाली रेंदू यांनी शिकवले. ओझानाम पुढे प्राध्यापक झाले, त्यांनी संसार केला, एका मुलीचे ते वडील झाले. १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. संस्थेच्या स्थानिक शाखेला कॉन्फरन्स म्हणतात. बैठकीत प्रार्थना होते, ज्या कुटुंबांना मदत चालू आहे त्यांची विचारपूस होते, आणि एक पिशवी हातोहात फिरते, जिच्यात कोणी किती टाकले हे कोणालाही कळत नाही. घरभेटीला जोडीने जायचे असते, आणि तांदूळ, औषधे, शाळेचा खर्च अशी प्रत्यक्ष मदत तिथे पोहोचवता येते.

कुटुंबाच्या दृष्टीने या गटाचे बलस्थान म्हणजे ही घरभेट होय. एका वृद्ध बाईंच्या घरी मी मुलीला प्रथमच सोबत नेले तेव्हा जून सुरू झाला होता. मी सामानाची पिशवी टेबलावर ठेवली, गोळ्या मोजून डबीत भरल्या, आणि काम झाले असे समजून उठणार होते. मुलीचे लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले, ते मार्चवरच थांबले होते. ती स्टुलावर चढून मागची पाने फाडू लागली, तोच बाई चटकन म्हणाल्या, “तें पान पिंजूं नाका, बाय.” मार्चच्या एका तारखेभोवती पेन्सिलीने गोल केलेला होता, त्या तारखेला जहाजावरचा मुलगा सुट्टीवर यायचा होता आणि तो आला नव्हता. मुलीने पान न फाडता वरच्या खिळ्यावर उलटून अडकवले आणि जून समोर आणला. मी त्या घरी त्याआधी सहा वेळा गेले होते, पण ते कॅलेंडर मला दिसले नव्हते. मुलांना सोबत न्यावे की नाही, याविषयी माझा संभ्रम त्या दिवशी संपला.

मर्यादाही सांगायला हव्यात. सभासदत्व येथे व्यक्तीचे असते, म्हणजे नवरा-बायको दोघे सभासद होऊन एक जोडी म्हणून जाऊ शकतात, पण मुले केवळ सोबत येतात. त्यासाठी कॉन्फरन्सच्या अध्यक्षांची, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्यांच्या घरी जायचे त्यांची, आधी संमती घ्यावी. शिवाय गरिबीची गोष्ट घराबाहेर जाता कामा नये. जे मूल शाळेत जाऊन “त्यांच्या घरी फ्रीजसुद्धा नाही” असे सांगेल, त्याला अजून एक-दोन वर्षे थांबवावे. फोटो काढण्याचा तर प्रश्नच येऊ नये.

लिजन ऑफ मेरी हा गट वरवर पाहता असाच वाटतो, कारण त्याचे संस्थापक फ्रँक डफ हे आधी विन्सेंट डी पॉल सोसायटीचेच सभासद होते. ७ सप्टेंबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये पहिली सभा भरली. येथेही जोडीने जाणे आहे, साप्ताहिक सभा आहे, कामाचा तोंडी अहवाल आहे; मात्र एक मोठा फरक असा की, लिजनच्या नियमानुसार सभासदाने भौतिक मदत द्यायची नसते. तांदळाची पिशवी येथे नाही. आजाऱ्यापाशी बसणे, मिस्सा सोडलेल्या माणसाशी बोलणे, घरात जपमाळ सुरू करून देणे हे काम आहे. ज्यांच्या हातात द्यायला फारसे काही नाही अशा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला ही गोष्ट मोकळी करणारी वाटू शकते, तर उपाशी घर पाहून ज्यांना स्वस्थ बसवत नाही त्यांची येथे घुसमट होईल.

शिस्तीत लिजन अधिक कडक आहे. दर आठवड्याला सभा आणि त्याशिवाय सुमारे दोन तासांचे नेमून दिलेले काम, निदान तीन महिन्यांचा उमेदवारीचा काळ आणि मग वचन, असा क्रम आहे. पर्यटनाच्या हंगामात पाळ्या बदलणाऱ्या हॉटेलातल्या नोकरदाराला हे पाळणे खरोखर अवघड जाते, आणि अर्धवट पाळून खंत बाळगण्यापेक्षा त्याने आधीच तसे सांगावे. अठरा वर्षांखालच्या मुलांचे प्रेसिडियम, म्हणजे स्थानिक शाखा, वेगळे असते. त्यामुळे आई-वडील एका सभेत आणि मुले दुसऱ्या सभेत, अशी आमच्या जुन्या घरासारखी स्थिती येथे उद्भवते. याउलट घरात आजी-आजोबा असतील तर लिजनइतकी सोय दुसरीकडे नाही, कारण साहाय्यक सभासदाने रोज जपमाळ आणि टेसेरा या पत्रकातल्या प्रार्थना म्हणणे पुरेसे असते. गुडघे धरलेल्या आजी त्यामुळे खुर्चीतून न उठता सुनेच्या कामात खऱ्या अर्थाने सहभागी होतात.

अख्ख्या घराला हिशेबात धरणारा गट हवा असेल तर कपल्स फॉर क्राइस्टचा विचार करावा. १९८१ साली मनिला येथे सुरू झालेल्या या चळवळीला २००० साली होली सीची, म्हणजे रोममधल्या पोपच्या अधिकारपीठाची, मान्यता मिळाली. येथे जोडपे हा मूळ घटक आहे. पाच-सात जोडप्यांचा ‘हाउसहोल्ड’ एकमेकांच्या घरी जमतो, आणि मुलांसाठी, युवकांसाठी, अविवाहितांसाठी वयानुसार शाखा आहेत. प्रवेशाआधी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. ज्या जोडप्याला आधी आपल्याच संसाराची घडी बसवायची आहे, त्याला मी निःशंकपणे इकडे पाठवीन. परंतु शेजारच्या गरजू घरापर्यंत पोहोचणे हाच ज्यांचा पहिला हेतू आहे, त्यांनी लक्षात घ्यावे की सुरुवातीचा बराच काळ आपापसांतल्या प्रार्थनेत आणि जडणघडणीत जातो.

नव्याने आलेल्या कुटुंबाला सर्वांत जवळचा पर्याय मात्र कोणत्याही प्रवेशअर्जाशिवाय मिळतो. गोव्यातल्या धर्मग्रामांत वाड्यावाड्यांचे लहान ख्रिस्ती समुदाय आहेत आणि त्या वाड्यावर राहायला आलात की तुम्ही त्यांतलेच झालात. शुभवर्तमानाचे सात टप्प्यांतले सहवाचन ही त्यांची सर्वपरिचित रीत आहे. त्याच्याच जोडीला सायबीण (मारियामातेची मूर्ती) घरोघर येते, खुरसापाशी (वाड्यावरच्या क्रुसापाशी) लादाईन ही गायिलेली प्रार्थना होते, आणि आजारी माणसाची खबर औषधाच्या दुकानाआधी समुदायात पोहोचते. दहा वर्षांखालची मुले असलेल्यांनी येथूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. सायबिणीपुढे फुले मांडणारे पाच वर्षांचे मूल येथे अडचण ठरत नाही. उणीव एवढीच की काम वाड्याच्या उत्साहावर चालते. कुठे दर महिन्याला काही ना काही असते, तर कुठे फेस्ताखेरीज (चर्चच्या सणाखेरीज) कोणी जमत नाही. कोकणी प्रार्थना सुरुवातीला अडखळत म्हणाव्या लागतात, पण मराठी भाषकाला त्या दोन-तीन महिन्यांत तोंडपाठ होतात.

कॉन्फ्रारियांचा उल्लेख केवळ गैरसमज होऊ नये म्हणून करते. फेस्ताला ठरावीक पोशाखात चालणाऱ्या या जुन्या बंधुसंघांचे सभासदत्व अनेक गावांत परंपरेने गावकारीशी (गावच्या मूळ घराण्यांच्या सामाईक जमीनसंस्थेशी) आणि घराण्यांशी जोडलेले राहिले आहे, तेव्हा बाहेरून आलेल्या कुटुंबाने आपली सेवा तेथे सुरू होईल अशी अपेक्षा धरू नये.

आमच्यापुरते सांगायचे तर आम्ही वाड्याच्या समुदायात चौघेही आहोत आणि विन्सेंटच्या कॉन्फरन्समध्ये मी व यजमान सभासद आहोत. मुलगी तेरा वर्षांची झाली तेव्हा ती घरभेटींना येऊ लागली. मुलगा अजून येत नाही. दोन्हींपेक्षा जास्त काही स्वीकारायचे नाही असे आम्ही ठरवून घेतले आहे, आणि कोणी तिसऱ्या समितीसाठी आग्रह केला तर नम्रपणे नकार देतो.

मराठी भाषकांना गोव्यात एक काम विशेषत्वाने करता येते, ते मात्र कोणत्याही गटाच्या माहितीपत्रकात लिहिलेले नसते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दोडामार्ग, सावंतवाडी, कुडाळकडचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात, आणि त्यांच्यासोबत आलेल्या माणसाला कोणत्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा हे नीट समजत नाही. तुमच्या कॉन्फरन्सचे किंवा प्रेसिडियमचे सभासद रुग्णभेटीला जात असतील, तर ‘आम्हाला तिथेच पाठवा’, असे पहिल्याच बैठकीत अध्यक्षांना सांगा.