नदीकाठचं पडीक वावर: तार लावून सोडायचं, झाडं लावायची की धुरा (बांध) फोडायचा?

2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि काठावरच्या कितीतरी बांध्यांत (धानाच्या खाचरांत) रेती बसली. काहींनी ती उपसून पुन्हा रोवणी केली. काहींनी खर्च मांडून पाहिला आणि वावर पड टाकलं. आमचं दीड एकर त्यातलंच. अशा तुकड्यावर मासोळ्या, पाखरं परत यावीत असं मनात असेल, तर तीन गोष्टी करता येतात. तिन्ही थोड्याथोड्या करून झाल्यात, म्हणून लिहितो.

स्वस्तातला उपाय म्हणजे तार लावा, ढोरं बंद करा आणि विसरा. जंगलालगतच्या जमिनीत हे बरं चालतं, कारण बी आसपासच असतं. पण वर्षानुवर्षं नांगरलेल्या वावरात आधी येतं ते गाजरगवत आणि बेशरम. मी हौसेनं बेशरम कापली आणि ढीग नदीच्या रेतीवर टाकला. पुढच्या आषाढात ढिगातल्या कांड्याकांड्याला पालवी! ती उन्हाळ्यात मुळासकट काढावी आणि उंच, कोरड्या जागी कडक वाळवावी, एवढं त्यातून शिकलो. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. दाट गचपणात रानडुकरं मुक्कामाला येतात आणि शेजाऱ्याचा धान खातात. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीकडे तर गचपणात वाघ बसलेला असू शकतो. पायवाटेला लागून असलेल्या जमिनीवर तिथे गचपण वाढू देऊ नका, मग पाखरं कमी आली तरी चालतील.

झाडं लावणं लोकांना आवडतं, कारण ती दिसतात आणि फोटोही निघतो. रोपं घ्यायला गेलात की हमखास बांबू पुढे केला जातो. आपला नेहमीचा मानवेल निचऱ्याच्या, उताराच्या जमिनीचा. पाणी साचलं की कुजतो. ओलाव्यात कटांग हा दुसरा बांबू टिकतो, पण काटे असे की पुन्हा आत शिरायची सोय नाही. त्यापेक्षा अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर लावा आणि अगदी पाण्याच्या रेषेवर वाळुंजाच्या फांद्या खोवा. सावलीनं डोहातलं पाणी कमी तापतं, किडे आणि फळं पाण्यात पडतात, मुळं काठ धरून ठेवतात. मात्र सगळा काठ झाकू नका. वेडा राघू आणि खंड्या उभ्या, उघड्या दरडीत बिळं करतात. टिटवी मोकळ्या जमिनीवरच अंडी घालते.

आता धुरा फोडण्याबद्दल, म्हणजे नदीकडचा बांध एका जागी उघडून पुराचं पाणी वावरात येऊ देण्याबद्दल. मासोळीसाठी विचाराल तर खरं काम हेच, आणि हेच कोणी करत नाही. धुरा फोडायचा म्हटलं की घरातल्या म्हाताऱ्यांच्या पोटात गोळा येतो, आणि ते समजण्यासारखं आहे. तीन पिढ्यांनी तो बांधलेला असतो.

मासोळीसाठी हे का लागतं, त्याचं कारण असं आहे. रोहू, कतला साचलेल्या तलावात वाढतात, पण आपोआप अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी आणि काठावरची उथळ, बुडालेली जमीन लागते. तलावातल्या माशांना इंजेक्शन देऊन मत्स्यबीज काढायचं तंत्र 10 जुलै 1957 ला ओडिशात जमलं, म्हणून आज बीज विकत मिळतं. नदीतल्या मासोळीला इंजेक्शन द्यायला कोण जाणार? तिला बुडालेलं वावरच पाहिजे. मरळीचंही तसंच. पावसाच्या सुरुवातीला ती गवतातली उथळ जागा शोधते आणि पिलांची राखण करते. पाण्यावर बारीक लालसर पिलांचा घोळका हलताना दिसला, तर खाली मरळ आहे असं समजा.

धुरा फोडताना एक चूक फार होते. वावराच्या मधोमध खोल खड्डा खणतात आणि तोंड, म्हणजे धुऱ्यात पाणी यायला उघडलेली जागा, उथळ ठेवतात. पूर ओसरला की मासोळ्या आत अडकतात आणि बगळ्यांची चैन होते. मरळ, मागूर हवेतून श्वास घेतात म्हणून तग धरतात, बाकीच्या मरतात. म्हणून सगळ्यात खोल भाग तोंडाशी ठेवा, आतली जमीन चढती ठेवा, मध्ये सुटी डबकी ठेवू नका. प्लॅस्टिक घातलेलं शेततळं यात धरू नका. पिकाला ते ठीक, पण मासोळीच्या दृष्टीनं ती टाकीच.

आणि वरून बीज आणून सोडू नका. थाई मागूर हा परदेशी मांसाहारी मासा तर 2000 पासून देशात बंदीचाच आहे. नदी आणेल तेवढं पुरे.

अर्थात हे सगळीकडे चालत नाही. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात खोल खणलं तर खारं पाणी वर येतं. तिथे झाडं आणि गवतच बरं. वर्धा नदीच्या काळ्या मातीत फोडलेलं तोंड रुंदावत जाऊन शेजाऱ्याचा धुराही ढासळू शकतो. तिथे तोंडाच्या दोन्ही बाजूंना आधी वाळ्याचं गवत लावून मुळं धरू द्या. धरणाच्या खाली जमीन असेल तर पूर पावसाप्रमाणे नाही, दरवाजे उघडतील तसा येतो.

कागदाचं थोडक्यात: नदीचं पात्र सरकारचं आहे आणि खणलेली माती-रेती गौण खनिजात येते, म्हणून जेसीबी आणण्याआधी तहसीलला विचारा. पीक नसलं की पीक नुकसानीची भरपाईही नाही. आणि गावच्या ढिवर (मासेमारी करणाऱ्या) बांधवांशी आधी बोला. पाणी कुठल्या बाजूनं चढतं आणि कुठली मासोळी कधी वर येते, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. शिवाय तुमच्या तोंडाशी कोणी जाळं लावलं, तर केलेलं काम पाण्यात.

माझ्यापुरता क्रम असा ठरला: बेशरम काढायची, तोंड उघडायचं, एक पावसाळा थांबायचं, पाणी कुठवर चढतं ते पाहून मगच झाडं. मी उलट केलं होतं. पहिल्याच पुरात अर्धे जांभूळ गेले, कारण ते नेमके पाण्याच्या वाटेत लावले होते.

तुमचं अजून ठरत नसेल तर यंदा पैसा घालूच नका. पहिला पूर ओसरला की चार खुंट्या घेऊन वावरात जा. धुऱ्यावर जिथे गवत आडवं झोपलेलं आणि काडीकचरा अडकलेला दिसेल, तिथूनच पाणी आत आलं असं समजा आणि पहिली खुंटी ठोका.