एस-वन विकणारा म्हापशाचा एजंट

बिल्हेत, म्हणजे पोर्तुगीज नागरिकत्वाचं ओळखपत्र, करून इंग्लंडात राबलेली, पन्नाशी ओलांडल्यावर नोकरी सोडून पोर्तुगालात राहायला निघालेली माणसं आता फोंडा-पेडण्यातही बरीच आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय. म्हापशाच्या एका एजंटाने माझ्या थोरल्या भावाला तीन लाखांना गंडवलं.

दादा स्विंडनच्या एका गोदामात होता. सत्तावन्नाव्या वर्षी काम सोडलं आणि वहिनीला घेऊन ब्रागाला गेला. धास्ती एकच, आजारपणाची. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, तिथे राहणाऱ्यांसाठी असते. कायमचा मुक्काम हलवला की तो हक्क सुटतो, मग पगारातून कितीही वर्षं एनआय, म्हणजे सरकारी विम्याचा हप्ता, कापला गेलेला असो. एजंटाने नेमकी ही नस पकडली. "तुमी कितेंच टेन्शन घेवं नाकात, एस-वन काडून दितां." त्याची फी पन्नास हजार.

एस-वन हा खरा दाखला आहे, आणि मेख तिथेच आहे. हा माणूस युरोपात राहतो, पण त्याच्या उपचारांचा खर्च आम्ही सोसू, असं ब्रिटन त्यात लिहून देतं. मात्र तो मुख्यतः ब्रिटनची सरकारी पेन्शन सुरू झालेल्यांना मिळतो, आणि दादाच्या वयाच्यांना ती ६७ व्या वर्षी लागते. म्हणजे अजून दहा वर्षं नाही. शिवाय मिळतो तेव्हा फुकट मिळतो!

मग निघाले 'सोशल चार्जेस'. एनआयमध्ये तीन वर्षांची पोकळी आहे, ती भरल्याशिवाय पोर्तुगालात इलाज होणार नाही, असं त्याने ठणकावून सांगितलं. पोकळी होती हे खरं. पेन्शनसाठी किमान १० वर्षांची आणि पूर्ण पेन्शनसाठी साधारण ३५ वर्षांची नोंद लागते, आणि राहिलेली वर्षं स्वेच्छेने भरता येतात. २०२४-२५ चा दर आठवड्याला १७.४५ पाऊंड होता, वर्षाला ९०७ च्या आसपास. पण त्यातून वाढते ती पेन्शन. दवाखान्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. गुंतवणुकीच्या उत्पन्नावर सोशल चार्जेस लागतात ते फ्रान्समध्ये. तिथलं ऐकीव काहीतरी याने पोर्तुगालला चिकटवलं होतं.

वर म्हणतो, तुमच्यासाठी अडीच लाखांत करून देतो. सरकारी भरण्यावर सूट! खरा भरणा थेट ब्रिटनच्या करखात्याच्या खात्यात जातो, आणि त्याला त्यांनीच दिलेला अठरा आकडी संदर्भ क्रमांक लागतो. आमचे पैसे मी फोंड्याहून पाठवले ते एजंटाच्या भाच्याच्या बचत खात्यात. पावतीवर नुसतं 'सर्व्हिस चार्ज'.

कागद आला तो पीडीएफ. वर एनएचएसचा निळा लोगो, खाली गोल शिक्का. जन्मतारखेत महिना आधी, दिवस नंतर, ही कुठली ब्रिटिश पद्धत? आणि पेन्शन सुरू झाल्याची तारीख लिहायची तो रकाना कोराच. ब्रागाच्या सोशल सिक्युरिटीच्या खिडकीवरल्या बाईने क्रमांक कॉम्प्युटरवर घातला, दोनदा पाहिला आणि कागद परत सरकवला.

खरी चीड पुढे आहे. पोर्तुगालची सरकारी आरोग्यसेवा तिथे कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला मिळते. दादा-वहिनी तर पोर्तुगीज नागरिक. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन दोघं जवळच्या सेंत्रु द सावूदमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, गेली, तिथे त्यांना 'उतेंत' नंबर, म्हणजे रुग्ण क्रमांक, मिळाला. एक सेंटही लागला नाही. तीन लाख ज्यासाठी मोजले ते तिथे फुकट ठेवलेलं होतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलिसांतही दिली. तोवर भाच्याचं खातं रिकामं. म्हापशाच्या ऑफिसला टाळं आहे. पण मडगावकडच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीच जाहिरात नव्या नंबराने फिरतेय, आणि आता त्यात आठ हजारांना 'जीएचआयसी' हे परदेशातल्या इलाजाचं कार्डही आहे. ते कार्ड ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना फुकट मिळतं, आणि चालतं तेही फक्त तात्पुरत्या प्रवासापुरतं.