मॅरिलिनचा पंप, ऑड्रीची बॅलेरिना की ज्युडीची वेज: कोणता घाट घ्यावा?

इटालियन बूट-कारागीर साल्वातोरे फेरागामोने 1923 साली हॉलिवूडमध्ये बुटांचं दुकान थाटलं. 1927 मध्ये तो इटलीत परतून फ्लॉरेन्सला स्थायिक झाला, तरी नट्यांनी त्याची पाठ सोडली नाही. त्यांच्या पायांचे लाकडी साचे तो नावानिशी जपून ठेवायचा. त्याने मॅरिलिन, ऑड्री आणि ज्युडी या नट्यांसाठी केलेल्या तीन घाटांच्या नकला आज कुठल्याही मोठ्या दुकानात दिसतात. निवडताना उंची नंतर बघा, आधी आपल्या तळव्याची कमान बघा. तो स्वतः त्यासाठी शरीरशास्त्र शिकला होता.

मॅरिलिन मन्रोचा पंप म्हणजे टोकदार पुढा आणि सुमारे 11 सेंटिमीटरची बारीक टाच. दिसायला तोड नाही. पण एवढ्या उंचीवर भार चवड्यावरच येतो. घ्यायचाच असेल तर बूट दोन्ही हातांत धरून मधोमध वाकवून पाहा. कमानीखाली चांगली पोलादी पट्टी असेल तर तिथे तो लवत नाही. लवला, तर खाली ठेवा. लग्नाचं रिसेप्शन लॉनवर असेल तर विषयच संपला, टाच रुततेच.

ऑड्री हेपबर्न बॅले शिकलेली. 1954 साली तिच्यासाठी केलेली बॅलेरिना स्वेडची (मऊ, लवदार चामड्याची), बारीक पट्ट्याची, जेमतेम टाचेची. सोल कडेने वर वळून पाऊल शिंपल्यासारखं धरायचा. नकलांमध्ये नेमकं हेच गायब असतं. उरतो तो पापडासारखा सोल. सपाट म्हणजे आरामदायी, हा समज टाचदुखी असलेल्यांनी तरी डोक्यातून काढावा.

ज्युडी गारलंडची 1938 ची सँडल मात्र अडचणीतून जन्मलेल्या युक्तीची. इथिओपियावरच्या आक्रमणानंतर इटलीवर निर्बंध आले, चांगलं पोलाद मिळेना, आणि हलक्या पोलादाच्या पट्ट्या बुटातच मोडू लागल्या. फेरागामोने मग टाच आणि चवडा यांमधली पोकळीच सार्डिनिया या इटालियन बेटावरच्या बुचाने भरून काढली; हीच वेज. ज्युडीच्या जोडात बुचाचे थर रंगीबेरंगी स्वेडने मढवलेले, वर सोनेरी चामड्याचे पट्टे. उंची भरपूर, तरी तळव्याला सलग आधार.

म्हणून लग्नसराईत तासन्‌तास उभं राहायचं असेल तर मी वेजच घेईन. फक्त जाड तळामुळे खालची जमीन कळत नाही आणि घोटा मुरगळू शकतो. तेव्हा घोट्याला पट्टा असलेलीच घ्या, आणि ती घालून आधी घरचा जिना उतरून बघा.